सातेरी : मातीतली आवस

(दृश्य : जुलैची पहाट. सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेला लाल मातीचं वारूळ. बारीक झड. लांबून एसटीचा हॉर्न.)

हे वारूळ माझ्या कमरेएवढं आहे. जांभ्याच्या लाल मातीचं, पावसानं अंगावर ओघळ काढलेलं. पायथ्याशी कुणीतरी अबोलीचा वळेसार ठेवलाय, त्यातली दोन-चार फुलं अजून ताजी आहेत. बाजूला नारळाची कवटी, तिच्यात साठलेलं पाणी. कुंकू वाहून गेलंय, पण जिथं लावलं होतं तिथली माती जराशी जास्त लाल दिसते. वर छप्पर नाही. पाटी नाही. देणगीपेटीही नाही.

मी सहा-सात वर्षांची असताना अशाच एका वारुळात काठी खुपसत बसले होते. आजी ओल्या हातांनी धावत आली, काठी हिसकावून घेतली आणि म्हणाली, "गो चेडवा, आवस ती! आवशीक कोण टोचता काय?"

आवस म्हणजे आमच्याकडे आई. मला वाटलं, नागाची भीती घालतेय. नागाचं तिनं नावही काढलं नाही.

(दृश्य : वेंगुर्ल्याचा बाजार, मग देवळाचा कळस.)

तळकोकणात आणि गोव्यात गावोगाव ही देवी आहे. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी. पुढे तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेलात की तिची सांतेरी होते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि जुन्या सांतेरीच्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी रोयणच असते. तिला साडी नेसवलेली असते, वर चांदीचा मुखवटा चढवलेला असतो. पण उत्सव आटोपून मुखवटा उतरवला की खाली उरते ती माती. जमिनीतून आपणहून वर आलेली. कुणी घडवलेली नाही, कुणी प्रतिष्ठापना केलेली नाही. आधी ती उगवली, मग लोकांनी तिच्याभोवती भिंती घातल्या.

आता जरा खाली वाकूया.

(दृश्य : वारुळाचा जवळून काप. पावसानं एक बाजू ढासळली आहे. आत स्पंजासारखे करडे पोळे.)

वारूळ मुंग्यांचं, नागाचं, असं आपण म्हणतो. बांधते मात्र वाळवी. खालच्या थरातली ओली माती तोंडात धरून, लाळेनं चिकटवत, कणाकणानं वर आणते. आत बोगदे, हवा खेळायला वाटा, आणि खोलवर एका कोठडीत राणी. दिवसाला हजारो अंडी घालणारी, स्वतःला हलताही न येणारी. सगळं गाव तिच्याभोवती राबतं. हा राणीचा थाट आहे की जन्मठेप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे जे स्पंजासारखं दिसतंय, ती वाळवीची शेती. पालापाचोळा, लाकूड तिला नुसतं खाऊन पचत नाही. ती ते चघळून त्याचं पोळं रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि बुरशीनं मऊ केलेलं मग खाते. माणसानं नांगर धरण्याच्या कितीतरी आधीपासून ही शेती चालू आहे. पाऊस मुरला, श्रावणाच्या आगेमागे माती आतून फुगली की त्याच पोळ्यातून एक लांब पांढरा देठ निघतो, हातभर माती चिरत वर येतो आणि उजेडात आल्यावर छत्री उघडतो. छत्रीच्या टोकाला बोंडासारखं कडक टोक असतं. माती फोडायची ती त्यानं.

ही अळंबी. गोव्यात अळमी म्हणतात, आणि रोयणीवरच्या अळम्यांना बाजारात जो भाव मिळतो तो ऐकून सुरमईनंही लाजावं. कारण ही अळंबी शेडमध्ये पिकवता येत नाहीत. वाळवी हवी, तिचं पोळं हवं, न खणलेली जमीन हवी, पाऊस हवा. यातलं एक जरी गेलं तरी छत्री उघडत नाही. गोव्यातले अळम्यांचे अभ्यासक नंदकुमार कामत यांनी या अळम्यांचं आणि सांतेरीच्या पूजेचं नातं वर्षानुवर्षं मांडलंय. भुकेच्या दिवसांत, जुनं भात संपलेलं आणि नवं पोटरीत असताना, ज्या मातीच्या ढिगातून अन्न वर येतं, त्या ढिगाला माणसं आई म्हणाली. मला हे पटतं. पुराणातल्या कुठल्याही कथेपेक्षा जास्त पटतं.

आजीला बुरशीचं काही माहीत नव्हतं. तिला एवढं माहीत होतं की जिथं रोयण मोडली तिथं पुढच्या वर्षी अळंबी येत नाहीत. आणि ती काढताना सगळी काढायची नाहीत.

(दृश्य : कवळ्याच्या शांतादुर्गेचं देऊळ, दीपस्तंभ, तळी.)

मग या देवीला चेहरा आला.

गोव्यात सांतेरीची शांतादुर्गा कशी झाली, हा गोव्याचा अर्धा इतिहास आहे. कवळ्याचं हे देऊळ सगळ्यात प्रसिद्ध. देवी मूळची सासष्टीतल्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली, तेव्हा भक्तांनी तिला नदीपलीकडे आणलं. आजचं देऊळ 1738च्या सुमाराचं. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या दरबारातले नारोराम मंत्री यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि ते आमच्या वेंगुर्ल्याकडच्या कोचऱ्याचे, हे आमच्याकडे आवर्जून सांगितलं जातं. मीही सांगून घेतलं.

शांतादुर्गेची कथा अशी : शिव आणि विष्णू यांचं युद्ध जुंपलं, जग जळायला लागलं, तेव्हा देवी मध्ये पडली आणि दोघांना शांत केलं. दोन पुरुषांच्या भांडणात मध्ये पडून समजूत घालणारी बाई. ही भूमिका आपल्या ओळखीची आहे. घरोघरी आहे.

कथा सुंदरच आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण रोयणीला कुणाची समजूत घालायची नव्हती. ती कुणाची बायको नव्हती, बहीण नव्हती, मध्यस्थ नव्हती. मूळचे गोव्याचेच असलेले इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत, जुन्नरच्या वाटांवर शेंदूर फासलेले दगड शोधत हिंडले. त्यांच्या ध्यानात आलं की गावकुसाबाहेरच्या जुन्या मातृदेवतांना नवरा नसतो. तो मागाहून येतो. लग्न लावलं जातं, मोठ्या देवाच्या कुटुंबात नाव घातलं जातं, आणि एकटी, रागीट, मोकळी देवी कुणाची तरी होते.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे तर आणखी मुळाशी गेले. वारूळ म्हणजे भूमीची योनी, भूमीचा गर्भ, आणि सांतेरी, रेणुका, यल्लम्मा या त्या एकाच भूदेवीच्या लेकी, असं त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. रेणुकेच्या नावातच रेणू आहे, माती आहे.

हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते. आणि मला तेरावं वर्ष आठवलं.

(दृश्य : देवळाचा उंबरा. दगडावर झिजलेली रांगोळी. माणसं दिसत नाहीत, फक्त पावलं.)

जत्रा होती. नवीन परकर-पोलकं होतं. सकाळी पोटात दुखायला लागलं आणि दुपारी मला सांगण्यात आलं की तू आज इथंच बस, पायरीच्या खाली. चार दिवस. कुणी रागावलं नाही, उलट एका काकूनं खाजं आणून दिलं. पण आत गाभाऱ्यात गाऱ्हाणं चाललं होतं, "बा देवी म्हाराजा" ऐकू येत होतं, मागून बाप्यांचा एकसुरी "व्हय म्हाराजा" येत होता, आणि मी खाज्याचा तुकडा हातात धरून दगडाच्या भेगा मोजत होते. आत पूजा कशाची चालली होती, तर गर्भाची. मला बाहेर कशासाठी बसवलं होतं, तर त्याच कारणासाठी.

हा विरोधाभास सगळीकडे सारखा सोडवलेला नाही. ओडिशात जूनच्या मध्यावर रज नावाचा सण असतो. तीन दिवस भूमी रजस्वला आहे असं मानतात. नांगर चालवत नाहीत, जमीन खणत नाहीत. पोरी नवे कपडे घालून झोपाळ्यावर बसतात, त्यांना कामाला हात लावायचा नसतो. चौथ्या दिवशी पाट्याला वसुमती समजून हळद लावून न्हाऊ घालतात. आसामात कामाख्येचं देऊळही अंबुवाचीला तीन दिवस बंद असतं आणि चौथ्या दिवशी उघडतं तेव्हा लाखोंची गर्दी लोटते. म्हणजे मातीला पाळी येते, तिला विश्रांती हवी, हे माणसांना सुचलं होतं. आपल्याकडेही नागपंचमीला जमीन खणत नाहीत, विळीसुरी चालवत नाहीत. बायका वारुळाला जातात. त्या दिवशी मातीला दुखवायचं नाही, एवढं सगळ्यांना पाठ आहे. बाईबद्दल तेवढं पाठ व्हायचं राहिलं.

देवीचा देश म्हणजे बाईला मान, हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं. त्याच देवीच्या देवळांत झाडलोट करायला, समई लावायला, जत्रेत नाचायला भाविणी होत्या. देवाला वाहिलेल्या बायका, आणि त्यांच्या लेकी, आणि त्यांच्या लेकींच्या लेकी. देवीचं नाव घेऊन त्यांना कुणाकुणाच्या दारात उभं केलं, ते तळकोकणातल्या जुन्या माणसांना विचारा. बोलणार नाहीत, पण गप्प कसे होतात ते बघा. 1934 साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, तोही देवळांमधून आला नाही.

(दृश्य : 2016ची वर्तमानपत्रं.)

2016 साली विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक या कार्यकर्त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की देवळात जाणं हा बाईचा हक्क आहे आणि तो राखणं सरकारचं काम आहे. प्रकरण शनिशिंगणापूरचं होतं. पण त्याच महिन्यात कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर काय गदारोळ झाला, तो आपण टीव्हीवर पाहिला. देवी बाई, दारावर आलेल्या बाया, आणि वाद घालणारे बहुतेक बाप्ये. लोक म्हणतात, गाभाऱ्यात जाऊन काय मिळणार आहे? खरंय, बाप्यांना तरी काय मिळतं? पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

तिकडे पाश्चात्त्य देशांत त्याआधी चाळीसेक वर्षं बायका देवी शोधत होत्या. बाप-देवाच्या धर्माला कंटाळून, युरोपात उत्खननात सापडलेल्या मातीच्या बाहुल्यांकडे बघत. 1974 साली फ्रान्सच्या फ्रांस्वाज दोबोन यांनी इकोफेमिनिझम हा शब्द काढला : बाई आणि जमीन यांच्यावर मालकी सांगणारा हात एकच आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंडातल्या रैणी गावात गौरा देवी आणि तिच्या सोबतिणी ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपुढे झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. तिनं शब्द काढला नव्हता. जंगल आमचं माहेर आहे, असं ती म्हणाल्याचं सांगतात. मला दोन्ही बायका आवडतात, पण माहेर हा शब्द जास्त कळतो.

(दृश्य : देवराई. मोठ्या वेली, काळोख, पायाखाली कुजलेला पाला. पाण्याचा बारीक आवाज.)

देवी जिथं अजून बाहेर राहिली, तिथं तिनं काय राखलं, ते बघायचं तर राईत यावं लागतं. चप्पल बाहेर काढायची. काटकी उचलायची नाही, पडलेली सुद्धा. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा माग काढला, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची गोष्ट पुढे आली. तिथली काळकाईची राई तोडायला निघाली होती. गावकरी आडवे आले. त्यांचं म्हणणं साधं होतं : आमचा ओढा या राईतून निघतो. काळकाईचा कोप आणि ओढ्याचं पाणी या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या.

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर गावात निरंकाराची राय आहे. तिथं रानजायफळाची दलदल आहे, चिखलातून गुडघे वर काढावेत तशी मुळं वर आलेली. फार जुन्या, पाणथळ जंगलाचा उरलेला तुकडा. देवाच्या नावानं राहिला म्हणून राहिला.

आणि जिथं देवाचंही काही चाललं नाही, ते डिचोलीत बघा. गोव्यात सात बहिणींची कथा सांगतात. त्यांतल्या पाच म्हणजे शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, आणि म्हापशाची मिराबाय, जी पुढे मिलाग्रीस सायबीण झाली. बहीण ख्रिस्ती झाली म्हणून बाकीच्यांनी तिला टाकली नाही. आजही मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. देवींना जे जमलं त्याचं मला कौतुक वाटतं. पण लईराईच्या शिरगावात आणि केळबाईच्या मुळगावात लोहखनिजाच्या खाणी आहेत. लाल माती डंपरमध्ये भरून बंदरावर गेली. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणी थांबवल्या, 2018 साली 88 खाणपट्टे रद्द केले. देऊळ चकचकीत आहे, जत्रेला होमकुंडातून चालणारे भक्त, धोंड म्हणतात त्यांना, हजारोंनी येतात. आणि मातीला आई म्हणणाऱ्या गावाच्या शेजारी मातीच्या जागी खड्डा आहे.

मुखवटा सांभाळला, रोयण विकली. मी असं म्हटलं की काही जण चिडतात. चिडोत.

(दृश्य : पौषातलं चांदणं. शेणानं सारवलेला मांड. बायकांच्या दोन रांगा, समोरासमोर. फक्त पावलांचा आवाज, मग गाणं.)

हा धालोचा, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याचा, मांड. गोव्यात आणि आमच्या सिंधुदुर्गातही पौषाच्या रात्री बायका इथं जमतात. दिवसभर काजूच्या बागेत, कुणाच्या घरी धुणीभांड्याला, कुणी बँकेत. रात्री जेवणं आवरून सगळ्या इथं. कमरेत हात गुंफून दोन रांगा करायच्या, वाकत पुढे जायचं, वाकत मागे यायचं. गाण्यात वनदेवता येते, धरित्री येते, सासू येते, नवऱ्याची टिंगलही येते. इथं भटजी लागत नाही. मूर्ती नाही, कळस नाही. मांड म्हणजे सारवलेली जमीन, आणि त्या रात्रीपुरती तीच देवी. बाप्ये मांडावर पाय ठेवत नाहीत. कडेला अंधारात उभे असतात, बिडी ओढत. शेवटच्या रात्री एखादीच्या अंगात येतं, रंभा म्हणतात तिला, आणि एरवी जी मान वर करून बोलत नाही ती गावाला खडसावते. सगळे ऐकून घेतात.

कॅमेरा आम्ही लांब ठेवलाय. जवळ आणायला त्यांनी नाही म्हटलं.

असं सरळ सूत्र मांडायचा मोह होतो, की जिथं देवी माती आहे तिथं बाई पुढे, आणि जिथं देवीला छप्पर आलं तिथं बाई उंबऱ्याखाली. तितकं सरळ नाही. रोयणीच्या देवळांतही कौल लावणारा हात पुरुषाचाच असतो, महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांच्या, यादीत पिढ्यान् पिढ्या पुरुषांचीच नावं असतात. काही रायांमध्ये वयात आलेल्या बायकांना पाऊल टाकू देत नाहीत. आणि मांडावरून घरी गेल्यावर चूल तिचीच असते. पण त्या काही रात्री त्या मातीवर दुसऱ्या कुणाचा हक्क नसतो, हेही खरं आहे.

(दृश्य : पुन्हा पहिलं वारूळ. झड थांबली आहे. साठ-पासष्टीची एक बाई, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात परडी.)

ही माझी आई. बाबा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून नवरात्रात ती देवळात ओटी भरायला जात नाही. कुणी नको म्हटलेलं नाही, ती जातच नाही, कारण नको म्हणण्याची वेळ कुणावर येऊ नये. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारनं परिपत्रक काढलं. मी तिला मोबाईलवर बातमी वाचून दाखवली होती. तिनं ऐकून घेतलं, "बरा झाला" म्हणाली आणि माशांना मीठ लावायला उठली.

सुरुवातीला दाखवला तो अबोलीचा वळेसार तिनंच ठेवलेला. हे मला चित्रीकरणाच्या दिवशी कळलं.

आता बघा, ती परडीतून खण काढतेय. मूठभर तांदूळ, नारळ, एक सुपारी. वारुळाच्या पायथ्याशी ओल्या मातीवर ओटी भरतेय. हळदकुंकवाचं बोट आधी वारुळाला लावते. मग क्षणभर थांबते. इकडेतिकडे बघते. बोटाला उरलेली हळद स्वतःच्या कपाळाला लावते.

मी विचारलं, "आई, हे चालतं?"

"हिका कोण इचारता?" ती म्हणाली. "ही काय देवळातली न्हय."

वारुळाच्या मागच्या अंगाला, सुकलेल्या पानांखालून, सात-आठ पांढरी टोकं वर आलीत. छत्र्या अजून उघडायच्या आहेत. आई खाली बसते, दोन बोटांत देठ धरून हलकेच फिरवते, मुळापासून ओढत नाही. एक, दोन, तीन, चार परडीत. मी पाचव्याला हात घातला तर माझ्या हातावर चापट बसते.

"ऱ्हवांदे गो," ती म्हणते. "तिका नको?"